म्युझियममध्ये हॉटेल काढलं, रात्री दिवे लावले... एका कारकुनाने लंडनचं म्युझियम असं गर्दीचं केलं

म्युझियम म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शाळेची सहल, हात लावू नका अशी पाटी आणि पाच वाजले की बाहेर काढणारा वॉचमन. कामावरून सुटलेला माणूस तिथे पोहोचेपर्यंत दाराला कुलूप. मग लोक येणार कसे आणि खर्च निघणार कसा?

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका सरकारी बाबूने सोडवायला घेतला होता. त्याचं नाव हेन्री कोल.

कोलचा जन्म १८०८ चा, इंग्लंडमधल्या बाथ शहरातला. १५ व्या वर्षी शाळा सुटली आणि तो जुन्या सरकारी कागदपत्रांच्या खात्यात कारकून म्हणून चिकटला. तिथला ढिसाळ कारभार त्याने चव्हाट्यावर आणला. नोकरी गेली, पण प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत पोहोचलं आणि त्याला परत कामावर घ्यावं लागलं.

गडी स्वस्थ बसणारा नव्हताच. स्वस्त टपालाच्या चळवळीत तो रोलंड हिलच्या सोबत होता. १८४३ साली नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्याने चित्रकार मित्राकडून एक कार्ड काढून घेतलं आणि छापलं. तेच जगातलं पहिलं ख्रिसमस कार्ड मानलं जातं.

त्याचं खरं नाव झालं ते १८५१ मध्ये. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्यासोबत त्याने लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. सुरुवातीला तिकीट महाग होतं. मग सोमवार ते गुरुवार फक्त एक शिलिंग केलं आणि कामगारांची रीघ लागली. साडेपाच महिन्यांत ६० लाखांहून जास्त भेटी झाल्या, १ लाख ८६ हजार पौंड नफा उरला. त्यातून साउथ केन्सिंग्टनला जमीन घेतली गेली.

१८५७ ला त्याच जागेवर म्युझियम उघडलं आणि त्याचा कारभार कोलकडे आला. इथे त्याने डोकं लावलं.

पहिलं म्हणजे, गॅसचे दिवे लावून म्युझियम संध्याकाळीही उघडं ठेवलं. दिवसभर राबलेल्या माणसाला दारूच्या गुत्त्याऐवजी बायकापोरांना घेऊन जायला दुसरी जागा मिळावी, हा हिशोब.

दुसरं, आठवड्यातले तीन दिवस प्रवेश फुकट आणि तीन दिवस सहा पेन्स. फुकटच्या दिवशी गर्दी, तिकिटाच्या दिवशी विद्यार्थ्यांना शांतपणे चित्रं काढता यायची.

तिसरं, म्युझियमच्या आत खाण्यापिण्याची सोय. म्युझियममधलं जगातलं पहिलं रेस्टॉरंट म्हणून ते ओळखलं जातं. पुढे त्यातली एक खोली सजवायचं काम विल्यम मॉरिसच्या तेव्हा नवख्या कंपनीला दिलं.

ज्यांना लंडनला येणं जमत नव्हतं, त्यांच्यासाठी वस्तू इतर शहरांत पाठवल्या जायच्या.

अर्थात या सगळ्यातून म्युझियमचा पूर्ण खर्च निघत नव्हता, सरकारी पैसा लागायचाच. कोलवर हेकेखोर म्हणून टीकाही व्हायची. पण करदात्याच्या पैशावर चालणारी जागा करदात्याच्या सोयीने उघडी असावी, हे त्याने करून दाखवलं.

१८७३ ला तो निवृत्त झाला, १८८२ ला वारला. १८९९ मध्ये म्युझियमचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट झालं. गंमत म्हणजे भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळचं आपलं भाऊ दाजी लाड म्युझियम १८७२ ला लोकांसाठी उघडलं, तेव्हा त्याचं नाव हेच होतं. म्हणजे नावाच्या बाबतीत मुंबई लंडनच्या पुढे!

पुढे १९९० च्या दशकात लंडनच्या या म्युझियमने सक्तीचं तिकीट लावलं, पण २००१ मध्ये प्रवेश पुन्हा मोफत केला. आता खास प्रदर्शनांची तिकिटं, दुकान आणि कॅफे यांतून खर्चाला हातभार लागतो. शुक्रवारी ते रात्रीपर्यंत उघडं असतं.

आणि कोलच्या वेळच्या त्या खाण्याच्या खोल्यांमध्ये लोक आजही चहा पितात.