स्वामी रामानंद तीर्थ : निःस्पृह लोकनेता

मराठवाड्याच्या भूमीला स्वातंत्र्याचा सूर्योदय देशाच्या तुलनेत तेरा महिने उशिरा लाभला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा शिरूर अनंतपाळचा हा सारा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानातील जनतेच्या लढ्याचे नेतृत्व एका संन्याशाने केले. ते म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. विद्यार्थिदशेतच असहकार चळवळीने त्यांना आकृष्ट केले. सरकारी शाळेचा त्याग करून त्यांनी राष्ट्रीय शिक्षण घेतले. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा त्यांनी निश्चय केला व तो अखेरपर्यंत पाळला. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्या सहवासात त्यांनी कामगारांचे प्रश्न जवळून अभ्यासले.

मराठवाड्याशी त्यांचे नाते जुळले ते शिक्षक म्हणून. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत त्यांनी अध्यापन केले. तेथे असतानाच संन्यासदीक्षा घेऊन त्यांनी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. त्यानंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी कार्य केले. सभा-संमेलनांवर निर्बंध असलेल्या त्या राजवटीत शाळा हेच लोकजागृतीचे साधन होते. वर्गात घडलेले अनेक विद्यार्थी आणि सहकारी पुढे लढ्याचे कार्यकर्ते झाले.

१९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. शाळा सोडून स्वामीजी सत्याग्रहात उतरले आणि कारागृहात गेले. १९४० व १९४२ मध्ये त्यांना पुन्हा कारावास घडला. बंदी उठल्यानंतर ते स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जून १९४७ च्या हैदराबाद अधिवेशनात त्यांनी भारतात विलीनीकरणाची मागणी निःसंदिग्धपणे मांडली. देश स्वातंत्र्याचा उत्सव साजरा करीत असताना त्यांना अटक झाली. मध्यंतरीचा अल्पकाळ वगळता संस्थान मुक्त होईपर्यंत ते बंदिवासातच होते. बाहेर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने सीमेवरील केंद्रांतून लढा चालविला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने कारवाई सुरू केली व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

हा लढा धर्माविरुद्ध नव्हता, एका सरंजामी राजवटीविरुद्ध होता. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे पत्रकार शोएबुल्ला खान यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यासाठी प्राण दिले, याचे विस्मरण होता कामा नये.

स्वामीजींच्या चारित्र्याची खरी कसोटी विजयानंतर लागली. हैदराबाद राज्यात तेलुगू भाषकांचे आठ, मराठी भाषकांचे पाच व कन्नड भाषकांचे तीन जिल्हे होते. एवढ्या मोठ्या राज्याचे ते सर्वमान्य नेते होते. तरीही त्यांनी मंत्रिपद स्वीकारले नाही. इतकेच नव्हे, तर ते राज्यच विसर्जित करून भाषावार प्रांतरचना व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. प्रारंभी पंडित नेहरूंचे मत याला अनुकूल नव्हते. तथापि लोकांच्या भाषेत राज्यकारभार चालल्याशिवाय लोकशाही त्यांच्या दारापर्यंत पोहोचणार नाही, ही स्वामीजींची भूमिका ठाम होती. ज्या राज्यावर त्यांचे नेतृत्व उभे होते, त्याच्याच विसर्जनासाठी ते झटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले. तोवर बीदर जिल्ह्यात असलेले निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाला जोडले गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य साकार झाले.

१९५२ मध्ये गुलबर्गा व १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भागांनी त्यांना आपले मानले. विनोबाजींच्या भूदान कार्यातही त्यांनी स्वतःला झोकून दिले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. लातूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रावर हे नाव असते. संस्था उभारावी, वाढवावी. परंतु तिला आपली सत्ता मानू नये आणि लोकहितासाठी वेळ आली तर जवळचे सारे सोडण्याची सिद्धता ठेवावी, ही शिकवण त्या नावामागे उभी आहे. सार्वजनिक कार्य करणाऱ्या प्रत्येकाने ती हृदयी धरावी, हेच स्वामीजींना खरे अभिवादन ठरेल.