उर्बें ल व्हेरिये

उर्बें जाँ जोसेफ ल व्हेरिये (११ मार्च १८११ – २३ सप्टेंबर १८७७) हे फ्रेंच गणितज्ञ व खगोलशास्त्रज्ञ होते. युरेनसच्या गतीत आढळणाऱ्या सूक्ष्म विचलनावरून त्यांनी एका अज्ञात ग्रहाचे आकाशातील स्थान केवळ गणिताने निश्चित केले आणि त्या आधारे १८४६ मध्ये बर्लिन वेधशाळेत नेपच्यूनचा शोध लागला. युरेनस व नेपच्यून या दोन ग्रहांना आज बर्फाळ महाकाय ग्रह म्हटले जाते. गुरू व शनी यांच्या तुलनेत त्यांच्या घडणीत पाणी, अमोनिया व मिथेन यांचा वाटा फार मोठा असल्याने त्यांचा हा वेगळा वर्ग मानतात. फ्रान्समधील हवामानसूचना व्यवस्थेचा पायाही ल व्हेरिये यांनीच घातला.

जन्म व शिक्षण

ल व्हेरिये यांचा जन्म नॉर्मंडी प्रांतातील सें-लो या गावी झाला. वडील सरकारी सेवेत होते. पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत १८३० मध्ये त्यांना अपयश आले. मुलाला पॅरिसमध्ये पुढील तयारी करता यावी म्हणून वडिलांनी राहते घर विकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढील वर्षी त्यांना प्रवेश मिळाला. शिक्षणानंतर त्यांनी गे-ल्युसाक यांच्या मार्गदर्शनाखाली रसायनशास्त्रात काम केले व फॉस्फरसच्या संयुगांवर निबंध लिहिले. १८३७ मध्ये एकोल पोलितेक्निकमध्ये खगोलशास्त्राच्या सहायक अध्यापकाची जागा रिकामी झाली. ती त्यांनी स्वीकारली आणि येथून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्याच वर्षी त्यांचा ल्युसील शोके यांच्याशी विवाह झाला.

प्रारंभी त्यांनी सूर्यमालेचे स्थैर्य आणि बुधाची कक्षा या विषयांवर काम केले. ८ मे १८४५ रोजी झालेल्या बुधाच्या अधिक्रमणाची त्यांनी गणिताने काढलेली वेळ प्रत्यक्ष वेळेपासून केवळ १६ सेकंदांनी चुकली. तरीही या फरकाने त्यांचे समाधान झाले नाही आणि बुधाची कोष्टके छापण्याचे त्यांनी तहकूब केले.

युरेनसचे कोडे

विल्यम हर्शेल यांनी १३ मार्च १७८१ रोजी युरेनसचा शोध लावला. १८२१ मध्ये अलेक्सी बुव्हार यांनी त्याची कोष्टके प्रसिद्ध केली. परंतु थोड्याच वर्षांत हा ग्रह कोष्टकांनी दाखवलेल्या जागेपासून ढळू लागला. इतक्या दूर अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलत असावा, अशी शंकाही काहींनी घेतली. १८४५ च्या उन्हाळ्यात फ्रांस्वा आरागो यांनी हा प्रश्न ल व्हेरिये यांच्याकडे सोपवला.

ज्ञात ग्रहाचा दुसऱ्या ज्ञात ग्रहावर होणारा परिणाम काढणे हे गणित त्या काळी रूढ होते. येथे मात्र परिणामावरून कारण शोधायचे होते. ल व्हेरिये यांनी १० नोव्हेंबर १८४५, १ जून १८४६ व ३१ ऑगस्ट १८४६ या दिवशी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे तीन निबंध सादर केले. तिसऱ्या निबंधात अज्ञात ग्रहाची कक्षा, वस्तुमान व स्थान दिलेले होते.

नेपच्यूनचा शोध

फ्रान्समध्ये या निबंधांचे कौतुक झाले, तथापि त्या ग्रहाचा नेटाने शोध घेण्यास कोणी पुढे आले नाही. तेव्हा ल व्हेरिये यांना बर्लिन वेधशाळेतील योहान गाले यांचे स्मरण झाले. गाले यांनी वर्षभरापूर्वी आपला प्रबंध त्यांना पाठवला होता व त्याची पोच द्यायची राहून गेली होती. १८ सप्टेंबर १८४६ रोजी लिहिलेल्या पत्रात ल व्हेरिये यांनी प्रबंधाबद्दल आभार मानले आणि ग्रहाचा शोध घेण्याची विनंती केली.

पत्र २३ सप्टेंबरला पोहोचले. त्याच रात्री गाले यांनी हाइनरिश दारे या विद्यार्थ्याच्या साहाय्याने शोध आरंभला. दारे यांच्या सूचनेवरून बर्लिन अकादमीचा नवा तारानकाशा काढण्यात आला. गाले दुर्बिणीतून दिसणाऱ्या ताऱ्यांची स्थाने सांगत व दारे ती नकाशाशी ताडून पाहत. लवकरच नकाशात नसलेला एक तारा आढळला. ल व्हेरिये यांनी सांगितलेल्या जागेपासून तो एका अंशाहून कमी अंतरावर होता. दुसऱ्या रात्री तो किंचित सरकलेला दिसला आणि तो ग्रह असल्याची खात्री पटली. पुढे १७ दिवसांनी इंग्लंडमधील विल्यम लॅसेल यांनी या ग्रहाचा ट्रायटन हा उपग्रह शोधला.

श्रेयाचा वाद

शोधानंतर काही दिवसांतच, केंब्रिजचे तरुण गणितज्ञ जॉन काउच ॲडम्स यांनीही हेच गणित केले होते, असे इंग्लंडमधून जाहीर झाले. ॲडम्स यांनी ऑक्टोबर १८४५ मध्ये आपले उत्तर ग्रीनिच येथे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांच्या घरी ठेवले होते. परंतु ते छापले गेले नव्हते. ल व्हेरिये यांचा जूनचा निबंध वाचल्यावर एअरी यांनी केंब्रिजच्या जेम्स चॅलिस यांना शोध घेण्यास सांगितले. चॅलिस यांनी ऑगस्टमध्ये दोनदा या ग्रहाची नोंद केली, मात्र तो त्यांना ओळखता आला नाही. फ्रेंच वृत्तपत्रांनी इंग्लंडवर तीव्र टीका केली. निबंध आधी प्रसिद्ध करून शोध घडवून आणणारे ल व्हेरिये होते, याविषयी मात्र आज दुमत नाही.

नव्या ग्रहाला ल व्हेरिये यांचे नाव द्यावे, असा आग्रह आरागो यांनी धरला. त्याला अनुरूप म्हणून ल व्हेरिये स्वतः युरेनसचा उल्लेख हर्शेल या नावाने करू लागले. ही दोन्ही नावे युरोपात टिकली नाहीत. मराठी पंचांगांत मात्र युरेनस आजही 'हर्षल' या नावाने ओळखला जातो.

या कार्याबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४६ चे कॉप्ली पदक ल व्हेरिये यांना दिले. ते आणि ॲडम्स १८४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे भेटले. दोघांत वैयक्तिक वैर कधीच नव्हते. १८७६ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक ल व्हेरिये यांना दुसऱ्यांदा मिळाले, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष या नात्याने त्यांच्या गौरवाचे भाषण ॲडम्स यांनीच केले.

नेपच्यूनचे सूर्यापासूनचे अंतर ल व्हेरिये यांनी सुमारे ३६ खगोलीय एकके धरले होते. प्रत्यक्षात ते सुमारे ३० आहे. त्यामुळे हा शोध म्हणजे योगायोग होय, असे मत अमेरिकेत मांडले गेले. परंतु युरेनस १८२२ च्या सुमारास नेपच्यूनला मागे टाकून पुढे गेला आणि ओढीचा मुख्य परिणाम त्याच्या आसपासच्या वर्षांत झाला. त्यामुळे अंतर चुकूनही ग्रहाची दिशा अचूक आली.

वेधशाळा व हवामानशास्त्र

आरागो यांच्या निधनानंतर १८५४ मध्ये ल व्हेरिये पॅरिस वेधशाळेचे संचालक झाले. त्यांच्या कठोर व हुकमी कारभारामुळे अनेक सहकारी वेधशाळा सोडून गेले आणि १८७० मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांचे उत्तराधिकारी शार्ल दलोने यांचा १८७२ मध्ये समुद्रात बुडून मृत्यू झाल्यावर १८७३ मध्ये ते पद पुन्हा त्यांच्याकडे आले.

क्रिमियाच्या युद्धात १४ नोव्हेंबर १८५४ च्या वादळाने काळ्या समुद्रातील फ्रेंच व ब्रिटिश जहाजांची मोठी हानी झाली. वेगवेगळ्या देशांतील नोंदी एकत्र करून ल व्हेरिये यांनी दाखवले की, हे वादळ युरोप ओलांडत आले होते आणि तारायंत्राने त्याची आगाऊ सूचना देता आली असती. त्यांनी देशोदेशीच्या वेधशाळांना तारेने जोडले. या नोंदींवरून १८६३ पासून नियमित हवामान नकाशे निघू लागले.

बुध आणि व्हल्कन

१८५९ मध्ये त्यांनी दाखवले की बुधाचा उपसूर्य बिंदू न्यूटनच्या नियमाप्रमाणे अपेक्षित गतीपेक्षा शंभर वर्षांत ३८ विकला अधिक सरकतो. युरेनसचा अनुभव ताजा असल्याने येथेही अज्ञात ग्रहच कारण असावा, असे त्यांनी मानले. लेस्कार्बो या हौशी निरीक्षकाने सूर्यबिंबावर असा ठिपका पाहिल्याचे कळवले व त्या ग्रहाला 'व्हल्कन' हे नाव मिळाले. तो ग्रह अस्तित्वातच नव्हता. हा फरक, जो आज ४३ विकला मानला जातो, १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धांताने उलगडला. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाबाबत युरेनसच्या वेळी निराधार ठरलेली शंका बुधाच्या बाबतीत खरी निघाली.

निधन

अखेरच्या काळात आजारपणातही त्यांनी सर्व ग्रहांच्या गतीचे सिद्धांत व कोष्टके तयार करण्याचे काम पूर्णत्वास नेले. नेपच्यूनच्या शोधाला ३१ वर्षे पूर्ण झाली, त्याच दिवशी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी मोंपार्नास येथे आहे.

वारसा

ल व्हेरिये यांच्या यशानंतर नेपच्यूनपलीकडील ग्रहांचे गणित अनेकांनी मांडले. 'ज्योतिर्गणित'कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या नियतकालिकात 'ब्रह्मा' व 'विष्णू' अशा दोन ग्रहांची कल्पना मांडली होती. युरेनसच्या गतीत उरलेला किरकोळ फरक हा अशा शोधांचा एक आधार असे.

त्या फरकाचा निकाल अवकाशयानाने लावला. व्हॉयेजर २ हे यान २४ जानेवारी १९८६ रोजी युरेनसजवळून व २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळून गेले. त्याच्या मार्गावरून नेपच्यूनचे वस्तुमान पूर्वीच्या अंदाजापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी असल्याचे आढळले. हे मूल्य वापरताच १९९३ मध्ये उरलेला फरक नाहीसा झाला. या दोन ग्रहांना भेट देणारे ते आजही एकमेव यान आहे.

नेपच्यूनच्या पाच वलयांना गाले, ल व्हेरिये, लॅसेल, आरागो व ॲडम्स यांची नावे आहेत. ॲडम्स वलयातील दाट कमानींना स्वातंत्र्य, समता व बंधुता या अर्थाची फ्रेंच नावे देण्यात आली आहेत.

नासाने युरोपीय अवकाश संस्थेच्या सहभागाने या ग्रहांवरील मोहिमांचा अभ्यास करून २०१७ मध्ये अहवाल सादर केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या दशवार्षिक आराखड्यात युरेनसभोवती फिरणारे यान व त्याच्या वातावरणात उतरणारे उपकरण यांना मोठ्या मोहिमांत पहिला क्रम देण्यात आला. यानाच्या मार्गातील सूक्ष्म विचलनावरून ग्रहाच्या अंतरंगाचा अंदाज घेणे हे अशा मोहिमेचे एक उद्दिष्ट आहे. विचलनावरून न दिसणारे कारण शोधण्याची ही रीत ल व्हेरिये यांनी याच ग्रहावर प्रथम यशस्वी करून दाखवली होती.