रामानुजन यांचं पांघरूण

प्रशांतचंद्र महालनोबिस केंब्रिजमध्ये शिकत होते तेव्हाची गोष्ट. भारतीय संख्याशास्त्र संस्था पुढे उभारली ती यांनीच. थंडीच्या दिवसांत ते श्रीनिवास रामानुजन यांच्या खोलीवर गेले. रामानुजन रात्री ओव्हरकोट चढवून, वर शाल गुंडाळून झोपत आणि तरीही कुडकुडत. महालनोबिस यांनी पलंग पाहिला, तर ब्लँकेटं गादीखाली नीट खोचलेली. त्यांच्या आत शिरून झोपायचं असतं, हे मद्रासहून आलेल्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं.

हा किस्सा हसत सांगितला जातो. मी मात्र डॉक्टरच्या सवयीने अशा किती रात्री गेल्या असतील, ते मोजू लागतो.

रामानुजन मार्च 1914 मध्ये बोटीत बसले तेव्हा 26 वर्षांचे होते. घरी गणितात डोकं खुपसून बसले, की आई किंवा आजी भात कालवून त्यांच्या हातावर ठेवी. जेवणाची वेळ त्यांना कधी सांभाळावी लागली नाही, ती घर सांभाळत होतं. ट्रिनिटी कॉलेजात ते घर नव्हतं. तिथले बटाटे चरबीत तळतात असं कळल्यावर त्यांनी कॉलेजच्या स्वयंपाकघराकडे पाठ फिरवली आणि खोलीतच रांधू लागले. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. भाजी, फळं मिळणं अवघड झालं. हार्डींबरोबरचं काम मात्र भरात होतं. रात्रंदिवस सलग बसायचं, अंग टाकलं की तासन् तास झोपायचं, आणि रांधायचं केव्हातरी.

राहिलेली झोप नंतर भरून काढू, असं आमच्या ओपीडीत येणारी वसतिगृहातली मुलंही सांगतात. थोडी भरून निघतेही. पण भूक, पचन, शरीराचं तापमान, मनाची उभारी हे सगळं एका ठरावीक दिनक्रमावर चालतं. जेवण आणि झोप रोज वेगळ्या वेळी झाली, की ते एकमेकांशी जुळेनासं होतं. त्यात इंग्लंडचा हिवाळा, ऊन जेमतेम. ड जीवनसत्त्वाचा शोध लागला 1922 मध्ये, म्हणजे रामानुजन गेल्यानंतर.

मनावरचा ताणही दिसू लागला होता. एकदा त्यांनी पाहुण्यांना जेवायला बोलावलं. एका पाहुणीने रसम पुन्हा घ्यायला नको म्हटलं, तर यजमानच खोलीतून निघून गेले. काही दिवसांनी त्यांची तार आली ती ऑक्सफर्डहून.

1917 च्या वसंतात ते आजारी पडले. आधी पोटातला व्रण, मग क्षय, अशी निदानं बदलत गेली. क्षयाच्या त्या काळच्या उपचारात खिडक्या सताड उघड्या ठेवत, म्हणजे पुन्हा थंडीच. 1918 च्या सुरुवातीला त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसमोर उडी घेतली. गाडी वेळेत थांबली म्हणून वाचले. रॉयल सोसायटीचे फेलो ते त्याच वर्षी झाले.

शाकाहाराने त्यांचा बळी घेतला, असं काही जण ठोकून देतात. मला ते पटत नाही. शाकाहार त्यांनी जन्मभर पाळला होता, त्याभोवतीची व्यवस्था तेवढी नाहीशी झाली. शिवाय आजाराचं मूळ बहुधा वेगळंच होतं. भारतात त्यांना आमांश झाला होता. अभ्यासक डी. ए. बी. यंग यांनी 1994 मध्ये जुन्या नोंदी तपासून यकृतातला अमीबाचा संसर्ग हे निदान मांडलं. आमांशाचा अमीबा वर्षानुवर्षं दबा धरून बसू शकतो. त्यावरची एमेटीनची इंजेक्शनं लिओनार्ड रॉजर्स यांनी कोलकात्यात 1912 मध्येच वापरली होती. यंग यांचं बरोबर असेल, तर पूर्वी काय काय दुखणी झाली, या आमच्या रोजच्या प्रश्नाकडे नीट लक्ष जायला हवं होतं.

मार्च 1919 मध्ये ते मुंबईला उतरले आणि तिथून मद्रासला गेले. अंथरुणावरूनच जानेवारी 1920 मध्ये त्यांनी हार्डींना नव्या फलांविषयी पत्र लिहिलं. 26 एप्रिलला ते गेले, वयाच्या 32 व्या वर्षी. त्या शेवटच्या वर्षात पत्नी जानकी त्यांना वेळच्या वेळी भात, ताक, लिंबाचा रस देत. पाय किंवा छाती दुखली, की गरम पाण्याने शेकत. ते पाणी तापवायची दोन भांडी जानकीअम्माळ यांनी म्हातारपणापर्यंत जपून ठेवली होती.