एडिसनचा बांबू आणि कडुनिंबाचा पाचोळा

थॉमस अल्वा एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. शाळा जेमतेम काही महिन्यांची, त्यात लहानपणीच ऐकू येणे कमी झालेले. रेल्वेत वर्तमानपत्रे विकत आणि तारयंत्र चालवत ते प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले.

ऑक्टोबर १८७९ मध्ये त्यांनी सुती शिवणदोरा हवाबंद ठेवून भट्टीत तापवला. ऑक्सिजन न मिळाल्याने दोऱ्याची राख झाली नाही, कोळशाचा तंतू उरला. निर्वात काचेच्या गोळ्यात तो तेरा तासांहून अधिक काळ उजळला. पुढच्या वर्षी हातपंख्याच्या बांबूची कामटी याहून सरस ठरली. एडिसन यांनी बांबूच्या शोधात माणसे जपानपर्यंत धाडली. क्योटोजवळच्या बांबूचा तंतू हजार तासांहून जास्त टिकला. बांबूच्या लांब, सरळ धाग्यांची घडण कोळशातही शाबूत राहते, हे त्यामागचे कारण.

पुढे ते वीज साठवण्याकडे वळले. शिशाच्या जड बॅटरीऐवजी त्यांनी निकेल-लोखंडाची बॅटरी बनवली. वीज नीट वाहावी म्हणून तिच्यात ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचेच एक रूप मिसळले होते. पण बॅटऱ्या गळू लागल्या, त्यांची क्षमता घटली. एडिसन यांनी उत्पादन थांबवले, अनेक वर्षे प्रयोग केले आणि ग्रॅफाइटऐवजी निकेलचे पापुद्रे वापरले. १९१०च्या सुमारास आलेली सुधारित बॅटरी दीर्घायुषी ठरली. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

वनस्पतीचा कोळसा आणि वीजसाठवण ही त्यांची दोन कामे वेगवेगळीच राहिली. त्यांचा मेळ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दिसतो. तेथील संशोधकांनी २०१३ मध्ये कडुनिंबाच्या गळालेल्या पानांपासून सुपरकॅपॅसिटरसाठी कार्बन तयार केल्याचे प्रसिद्ध केले. हे साधन झटपट चार्ज होते. वीजभार कार्बनच्या पृष्ठभागावर साठतो. पानांच्या कार्बनला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरहून अधिक भरतो. एडिसन यांना चिवट तंतू हवा होता, इथे छिद्रे हवीत. कृती मात्र तीच, हवेविना तापवण्याची.

हाच पाचोळा उघड्यावर पेटवला, तर सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळतात. दमेकरी, लहान मुले आणि वृद्धांना त्याचा त्रास आधी होतो. मानपाडा ठाण्याचा असो की डोंबिवलीचा, सोसायटीच्या आवारातील पानांना काडी लावू नये. सुपरकॅपॅसिटर घरी बनत नाही, पण खताचा खड्डा आवारात नक्की करता येतो.