चार्ल्स डार्विन : बुडत्या बेटांचे भूवैज्ञानिक

उत्क्रांतीच्या सिद्धांतामुळे जगद्विख्यात झालेले चार्ल्स डार्विन आरंभी भूवैज्ञानिक म्हणून ओळखले गेले. महासागरातील ज्वालामुखी बेटांविषयी त्यांनी मांडलेल्या विचाराला निर्णायक पुरावा मात्र त्यांच्या निधनानंतर ७० वर्षांनी मिळाला.

इंग्लंडमधील श्रूजबरी येथे १२ फेब्रुवारी १८०९ रोजी त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी केंब्रिजची पदवी घेतली आणि डिसेंबर १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजातून ते जगप्रवासास निघाले. केप व्हर्दे बेटांवर त्यांना लाव्ह्याच्या थराखाली, समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर, शिंपल्यांचा पांढरा पट्टा आढळला. चिलीमध्ये १८३५ च्या भूकंपाने किनारा वर उचलला गेल्याचे त्यांनी पाहिले. भूमी एकीकडे उचलली जात असेल, तर सागरतळ अन्यत्र खचत असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला.

प्रवाळ उथळ, उबदार पाण्यातच भित्ती उभारतात. तरीही कंकणाकृती प्रवाळद्वीपे खोल महासागरात आढळतात. या कोड्याचे उत्तर डार्विन यांनी खचणाऱ्या ज्वालामुखीत शोधले. ज्वालामुखी सावकाश बुडत असताना त्याच्या काठावरील प्रवाळ वर वाढत राहतात. प्रथम किनाऱ्याला चिकटलेली भित्ती पुढे त्यापासून दूर पडते आणि शिखर लोपल्यावर केवळ कंकण उरते. ताहितीच्या डोंगरावरून त्यांना शेजारच्या मोरिया बेटाभोवती मधली अवस्था दिसली. एप्रिल १८३६ मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर अखेरची. तेथे किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटरवर दोन हजार मीटरहून लांब दोरी सोडूनही तळ लागला नाही.

हा सिद्धांत १८४२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. जॉन मरे आदी शास्त्रज्ञांनी मात्र बेट खचण्याची गरज नाकारली. प्रवाळद्वीपात खोल छिद्र घेऊन वादाचा निकाल लावावा, अशी इच्छा डार्विन यांनी १८८१ मध्ये पत्राद्वारे व्यक्त केली. पुढच्याच वर्षी, १९ एप्रिल १८८२ रोजी, त्यांचे निधन झाले. फुनाफुती द्वीपावर १८९६ ते १८९८ दरम्यान सुमारे ३४० मीटर खोदूनही ज्वालामुखीचा खडक लागला नाही. अखेर १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटोक येथे १,२०० मीटरहून अधिक जाडीच्या चुनखडकाखाली बेसाल्ट सापडला आणि वाद मिटला.

तप्त भागापासून दूर सरकणारे सागरी भूकवच थंड होऊन खचते आणि त्यावरील बेटेही बुडू लागतात, हे पुढे स्पष्ट झाले. भारताचे लक्षद्वीपही सागरतळावरील ज्वालामुखीजन्य पर्वतरांगेच्या माथ्यावर उभे आहे.