पाहुण्याघरी राहिलेले नाव

पंडित धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. पेशाने गणिती, पण प्राचीन नाणी तोलून त्यांनी इतिहास शोधला आणि १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे त्यांचे सूत्र आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने चालते. गणितात मात्र उलटे घडले. १९४३ साली त्यांनी मांडलेला सिद्धान्त, मागाहून आलेल्या कारहुनेन व लोएव्ह यांच्या नावे रूढ झाला. १९६६ साली ते पुण्यात निवर्तले. उल्लेख मोजून विद्वत्ता ठरवू पाहणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन : ज्या शास्त्रात ते पाहुणे होते, त्याने त्यांचे नाव जपले, घरच्या शास्त्राने ते इतरांस देऊन टाकले.