निकोलाय अनिच्कोव्ह
निकोलाय निकोलायेविच अनिच्कोव्ह (३ नोव्हेंबर, १८८५:सेंट पीटर्सबर्ग - ७ डिसेंबर, १९६४:लेनिनग्राड) हे रशियन विकृतिशास्त्रज्ञ होते. मांसाहारातील प्रथिनांनी रोहिण्या कठीण होतात, असा तर्क पुढे आला असताना १९१३ मध्ये त्यांनी व सेम्यॉन खालातोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. सशांच्या महारोहिणीत मेदाचे थर साचले. उंदीर व कुत्र्यांत मात्र इतरांना हा परिणाम दिसला नाही. ससा तर पडला शाकाहारी, त्यामुळे निष्कर्ष दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. वस्तुतः उंदीर व कुत्रे जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करतात व त्यांच्या रक्तातील प्रमाण फारसे वाढत नाही. अनुवांशिक दोषामुळे ज्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासून चढे असते, त्यांना ऐन तारुण्यात, क्वचित बालपणीही हृदयविकार जडतो, या निरीक्षणाने अनिच्कोव्ह यांच्या निष्कर्षाला पुढे बळ मिळाले. १९४६ ते १९५३ या काळात ते सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते.